काळ्या मातीचं लायनर: सांगलीच्या लॅबमधल्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर
विषय फायनल झाला. कचरा डेपोच्या तळाला जो मातीचा थर घालतात, म्हणजे लायनर, त्यासाठी आपल्याकडची काळी माती वापरायची आणि ती सांगली जिल्ह्यातच निघणाऱ्या टाकाऊ मालानं सुधारायची. साखर कारखान्याची बगॅस राख म्हणजे उसाच्या चोथ्याची राख, खताची जुनी पोती आणि जोडीला चुना, एवढंच सामान. सरांना बेंटोनाइट, म्हणजे खूप फुगणारी विकतची चिकणमाती, पण घ्यावं वाटत होतं पण ते कच्छहून नाहीतर बाडमेरहून येणार, आपण तुलनेपुरता उल्लेख ठेवू म्हटलं.

नियम आधी लिहून ठेवतो म्हणजे नंतर कोणी विचारलं तर इथंच बघायचं. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमात तळाला ९० सेंमी जाडीचा चिकणमातीचा किंवा सुधारलेल्या मातीचा थर सांगितला होता, त्यातून पाणी झिरपायचा वेग म्हणजे पर्मिअबिलिटी सेकंदाला दहाचा मायनस सातवा घात सेंमी किंवा त्याहून कमी, वर १.५ मिमीची एचडीपीई प्लास्टिकची शीट, आणि भूजलाची जास्तीत जास्त पातळी थराच्या तळापासून निदान २ मीटर खाली. हा आकडा वाचून डोक्यात काही बसत नाही म्हणून हिशोब केला. १ हेक्टर तळ, ९० सेंमी माती, तिच्यावर ३० सेंमी लीचेट म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं घाण पाणी साठलंय, शीट नाहीच असं धरलं तर दिवसाला साधारण १,१५० लिटर खाली जातं. तीच माती दहापट झिरपणारी निघाली की ११,५०० लिटर, म्हणजे रोज एक मोठा टँकर घाण पाणी जमिनीत. आपल्याकडं विहिरी नि बोअर किती आहेत ते बघता हा एक शून्याचा फरक फार मोठा आहे.

घरी एकानं विचारलं, वर प्लास्टिकची शीट हाय की मग माती कशाला. शीटला वेल्डिंगच्या जागी बारीक भोकं राहतात, खडी टोचते, मशीन फिरताना फाटते, आणि खाली घट्ट माती चिकटून असली तरच त्या भोकातून जाणारं पाणी थोपतं. दोन्ही मिळून काम करतात, एकावर भागत नाही.

२६ नोव्हेंबर
माती आणली, डिग्रजच्या बाजूच्या रानातली, वरची फूटभर सोडून खालची घेतली कारण वरच्या थरात मुळं नि शेणखत. कृष्णाकाठची काळी माती खोल आहे, पाहिजे तेवढी मिळते. पण लँडफिल म्हणजे कचरा डेपो नदीकाठी करता येत नाही, २०१६ च्या नियमानं नदीपासून १०० मीटर लांब आणि गेल्या १०० वर्षांच्या पूररेषेच्या बाहेर पाहिजे, आणि २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं सगळ्यांनी बघितलंय. म्हणजे माती काठावरची नि लँडफिल उंचावर, वाहतूक धरूनच चालायचं. जत-आटपाडीकडं तर मुरूमच जास्त, तिथं अशी माती खोदून मिळणार नाही, तिथला प्रश्नच वेगळा.

फ्री स्वेल, म्हणजे माती किती फुगते ती टेस्ट, लावून ठेवली. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १० ग्रॅम वाळलेली माती एका सिलिंडरमधे पाण्यात, दुसऱ्यात रॉकेलमधे, २४ तासांनी दोन्हीचं आकारमान बघायचं. रॉकेलमधे माती फुगत नाही म्हणून तो आधार.

२७ नोव्हेंबर
पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा चांगलीच वर आलीय. अपेक्षितच होतं, बेसाल्टपासून झालेली माती, त्यात मॉन्टमोरिलोनाइट हे फुगणारं खनिज. फुगणारी माती लायनरला एका अंगानं चांगली कारण फुगली की भोकं बुजतात. पण तीच वाळली की उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि भेगा पडलेल्या लायनरला पर्मिअबिलिटीचा आकडा कितीही चांगला असून काय उपयोग.

४ डिसेंबर
गाळप चालू आहे तोवर राख घेऊन आलो. बॉयलरची राख धूर धुणाऱ्या पाण्याच्या स्क्रबरमधून येते म्हणून ओलीचिंब, ढिगावरून पोत्यात भरताना हात काळे. ढिगाच्या वेगवेगळ्या बाजूनं थोडी थोडी घेतली कारण एका बाजूची करडी, दुसऱ्या बाजूची काळीकुट्ट, काळी म्हणजे न जळलेला कार्बन जास्त. ओव्हनमधे १०५ डिग्रीला वाळवली, चाळली, चोथ्याचे अर्धवट जळालेले तुकडे काढून टाकले. ही राख सिलिका भरपूर असलेली पण चुना फार कमी असलेली, त्यामुळं एकटी टाकली तर सिमेंटसारखी धरत नाही. चुना सोबत असला तरच तिची सिलिका कामाला लागते.

११ डिसेंबर
प्रॉक्टर, म्हणजे माती ठोकून ती किती पाण्याला सगळ्यात घट्ट बसते ते बघायची टेस्ट. १००० सीसीचा मोल्ड, २.६ किलोचा रॅमर, ३१० मिमीवरून, तीन थर, प्रत्येकी २५ ठोके. नुसती माती, मग ५, १० आणि १५ टक्के राख. राख हलकी आहे त्यामुळं टक्केवारी वाढेल तशी डेन्सिटी उतरली आणि पाणी जास्त लागायला लागलं. लॅबमधल्या मामांचे ठोके एकसारखे पडतात, आमचे शेवटच्या थराला जड होतात, म्हणून मामांनाच विनंती केली. मामा म्हणाले, "करतो की, पण ओली माती झाकून ठेवा पोरांनो, उघडी टाकली की पाणी उडून जातंय." खरंच आहे, रात्रभर पिशवीत बांधून ठेवलेली माती दुसऱ्या दिवशी सगळीकडं सारखी ओली होते, लगेच ठोकली तर ढेकळांच्या आत कोरडी राहते.

आजची खरी गोष्ट ही. माती ज्या पाण्याला सगळ्यात घट्ट बसते ते ऑप्टिमम, त्याच्या कोरड्या बाजूला म्हणजे कमी पाण्यानं ठोकलेला गोळा कापून बघितला तर आत ढेकळं जशीच्या तशी, मधे फटी, आणि ऑप्टिममपेक्षा तीनेक टक्के जास्त पाण्यानं ठोकलेला कापला तर कणकेसारखा एकजीव. पाणी जातं ते ढेकळांच्या मधल्या फटीतून, त्यामुळं डेन्सिटी सारखी असून पण कोरड्या बाजूची माती ओल्या बाजूपेक्षा शेकडो पटीनं जास्त झिरपू शकते. रस्त्याचं काम केलेल्या माणसाला हे पटत नाही कारण रस्त्याला डेन्सिटी गाठली की झालं. इथं पाणी किती घालून ठोकली हेच निम्मं काम आहे.

पण ओल्या बाजूला ताकद उतरते. लायनरला सर्वसाधारणपणे २०० किलोपास्कलची कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ म्हणजे दाब सोसायची ताकद धरतात कारण वर कित्येक मीटर कचऱ्याचं वजन येणार. ३८ मिमी व्यासाचे नि ७६ मिमी उंचीचे नमुने काढून दाबले, ऑप्टिममला नुसती माती जेमतेम पास, ओल्या बाजूला नापास. १० टक्के राखेनं विशेष फरक नाही. म्हणजे आपला पेच हा, पाणी अडवायला ओली पाहिजे नि वजन पेलायला कोरडी.

१९ डिसेंबर
पर्मिअबिलिटी चालू. फॉलिंग हेड, म्हणजे नमुन्याला जोडलेल्या नळीतलं पाणी किती हळू उतरतं ते बघायचं. नमुना आधी खालून भिजवायचा, हवा निघून जायला पाहिजे, घाई केली तर आकडा खोटा येतो. एकानं विचारलं किती वेळ लागतो, तर हिशोब असा, १००० सीसीचा नमुना, ०.२ चौरस सेंमीची काचेची नळी, पाणी १०० सेंमीवरून ९० सेंमीवर यायला दहाचा मायनस सातव्या घाताला साधारण साडेनऊ तास. त्यामुळं नळीच्या तोंडाला बाष्पीभवन अडवायला टोपण, शेजारी तसलीच एक रिकामी नळी पाणी भरून, तिच्यातलं जे उडालं ते वजा करायचं. संध्याकाळी रीडिंग घेऊन जायचं नि सकाळी यायचं.

नुसती माती ओल्या बाजूला मर्यादेच्या आत, निवांत. कोरड्या बाजूची बाहेर. १० टक्के राख घातलेली ओल्या बाजूला आत आहे पण नुसत्या मातीएवढी निवांत नाही. १५ टक्के आता बंद, १० वरच थांबायचं.

५ जानेवारी
आज लॅब नाही, पण लिहायलाच पाहिजे असं घडलं. आमच्यातल्या एकाचे चुलते वाळवा तालुक्यात शेती करतात, उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन रान क्षारपड झालेलं. आम्ही चुन्याबद्दल बोलत होतो तर ते म्हणाले, "चोपण रानात पाणी वरच उभं राहतंय बघा, जिप्सम टाकलं की माती मोकळी होती नि पाणी मुरतंय."

चोपण मातीत सोडियम जास्त, त्यामुळं चिकणमातीचे कण सुटे होऊन भोकं बुजवतात. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हाकलून लावतं, कण एकमेकांना धरून गुच्छ होतात, गुच्छांच्या मधे वाट होते. शेतकऱ्याला तेच पाहिजे. आणि आम्ही लायनरला चुना घालणार म्हणजे कॅल्शियमच घालणार, म्हणजे ज्या मातीनं पाणी अडवायचं तिलाच मोकळं करणार. जास्त चुना म्हणजे जास्त ताकद असा सरळ विचार आपण करत होतो तो इथं सोडायचा. ताकदीचा तक्ता सुंदर दिसणारं नि लायनर म्हणून वाया गेलेलं मिश्रण बनवणं फार सोपं आहे.

सरांना फोन केला, ते म्हणाले मग चुना कमीत कमी किती लागतो ते आधी शोधा, पीएचनं.

९ जानेवारी
४२५ मायक्रॉनखालची २५ ग्रॅम माती, १०० मिली पाणी, २ ते ६ टक्के चुना वेगवेगळ्या बाटल्यांत, हलवत राहायचं नि तासाभरानं पीएच. १२.४ पर्यंत पोचवणारा सगळ्यात कमी चुना तो मातीची गरज. चुना ताजा विरवून डब्यात हवाबंद ठेवला होता कारण उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन निकामी होतो. आपल्या मातीला ३ टक्के. ठरलं, ३ च्या वर जायचं नाही.

२० जानेवारी
१० टक्के राख अधिक ३ टक्के चुना, ओल्या बाजूला, नमुने ठोकून प्लास्टिकमधे गुंडाळले, ७ दिवसांचे नि २८ दिवसांचे वेगळे. शेजारी नुसती माती नि नुसती राखमाती पण.

२७ जानेवारी
७ दिवस. ताकद दोनशेच्या बरीच वर. पर्मिअबिलिटी मर्यादेच्या बाहेर. चुलते बोलले तसंच.

१७ फेब्रुवारी
२८ दिवस. ताकद आणखी वाढली, पण मला आनंद झाला तो नळीकडं बघून. पाणी ७ दिवसांच्या नमुन्यापेक्षा हळू उतरतंय, मर्यादेच्या आत आलंय. नुसत्या मातीपेक्षा अजून जास्तच झिरपतं, पण आत आहे. पहिल्या आठवड्यात कॅल्शियमनं गुच्छ केले, नंतर राखेतली सिलिका नि चुना मिळून जेल तयार होत गेलं आणि त्यानं गुच्छांच्या मधल्या वाटा बुजवल्या. आकुंचन पण मोजलं, लायनरला आकारमानात ४ टक्क्यांपर्यंत चालतं असं धरतात. नुसती काळी माती पार बाहेर, राखमाती कमी पण बाहेरच, राख-चुना आत.

एक काळजी मात्र लिहून ठेवतो. साइटवर २८ दिवस हा थर ओला झाकून ठेवला तरच हे घडणार. उघडा टाकला की सातव्या दिवसाच्या अवस्थेतच वाळणार.

२ मार्च
पोती. खताची रिकामी पीपीची म्हणजे पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकची पोती मार्केट यार्डाजवळच्या भंगारवाल्याकडून घेतली, दोनदा धुतली कारण खताचे क्षार मातीत नकोत. २० मिमी लांबीच्या नि दोनेक मिमी रुंदीच्या पट्ट्या कापल्या. कोरड्या मातीत टाकल्या की गुंता होऊन एका जागी गोळा होतात, ओल्या मातीत चिमूट चिमूट टाकत मळलं तर पसरतात. पाव, अर्धा नि एक टक्का.

एक टक्क्याचा गोळा कापून बघितला तर पट्ट्या एकमेकीवर आडव्या बसलेल्या, मातीला धरलेलंच नाही, पट्टीच्या अंगानं पाणी वाट काढणार हे दिसतंय. अर्ध्या टक्क्याला दाबल्यावर नमुना एकदम तडकत नाही, फुगतो, वाकतो, पण तुटून पडत नाही. चुन्याची माती ठिसूळ होते आणि कचरा कुठं कमी कुठं जास्त खचतो त्यामुळं हा वाकण्याचा गुण कामाचा. प्लास्टिक मुद्दाम जमिनीत घालायचं याचं मला वाईट वाटतं, हे सरांशी बोललो पण. ९० सेंमी भर सगळीकडं घालायला माझी तयारी नाही, कुठं लागतंय तेवढंच.

२३ मार्च
ट्रे बाहेर उन्हात ठेवलेत, चार मिश्रणं, सारखी जाडी, सारखं ठोकणं. रोज दुपारी एकाच उंचीवरून मोबाईलनं फोटो. नुसत्या मातीच्या ट्रेमधे दुसऱ्याच दिवशी आरपार भेग आणि कडेनं माती सुटून आत सरकलेली. राखमातीत भेगा कमी पण रुंद. राख-चुन्यात मोजक्या, आणि राख-चुना-पट्टीत फक्त केसासारख्या बारीक, उचकटून बघितलं तर पट्ट्यांनी दोन्ही काठ ओढून धरलेले.

वाळलेल्या नमुन्याची पर्मिअबिलिटी लोखंडी मोल्डमधे घेऊ नका, हे पुढं काम करणाऱ्यांसाठी ठळक लिहितोय. माती आकसली की मोल्डच्या भिंतीपासून सुटते आणि पाणी मातीतून न जाता भिंतीकडनं जातं. पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी सोडून खात्री केली, रंग सगळा कडेला. अशा नमुन्याला रबरी मेंब्रेनचा ट्रायॲक्सियल सेलच पाहिजे, बाहेरून दाब देऊन मेंब्रेन मातीला चिकटून राहतं.

६ एप्रिल
आतापर्यंत सगळं नळाच्या पाण्यानं केलं, पण लायनरला नळाचं पाणी कधीच भेटत नाही, लीचेट भेटतं. त्यात सेंद्रिय ॲसिड, क्षार, कॅल्शियम, मॅग्नेशियम. म्हणून आज फ्री स्वेल पुन्हा, या वेळी कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात. नुसती काळी माती जी नोव्हेंबरात एवढी फुगलेली ती इथं बसली की खाली! म्हणजे तिचा तो निवांत आकडा लीचेटमधे तसाच राहील असं कुणी धरू नये. राख-चुन्याची माती मात्र साध्या पाण्यात जेवढी तेवढीच कॅल्शियमच्या पाण्यात, कारण ती आधीच कॅल्शियम घेऊन बसलीय, लीचेटमधलं कॅल्शियम तिला नवीन काही करू शकत नाही. लिक्विड लिमिट, म्हणजे माती किती पाण्याला पातळ होऊन वाहायला लागते ते, घेतली तिथं पण तेच, नुसत्या मातीची घसरली, चुन्याच्या मातीची जवळजवळ जागच्या जागी.

जानेवारीपासून मी चुन्याकडं संशयानं बघत होतो, तो संशय पाण्यापुरता बरोबर होता. लीचेटच्या समोर हिशोब बदलतो. जो थर लीचेटला पहिल्यांदा भेटणार आणि जो काम चालू असताना उन्हात उघडा राहणार तो एकच, सगळ्यात वरचा, आणि चुना नि पट्ट्या दोन्हीची जागा तिथं आहे.

१७ एप्रिल
मालाचा हिशोब. १ हेक्टर तळ गुणिले ९० सेंमी म्हणजे ९,००० घनमीटर, घनमीटरला दीड टन धरला तर १३,५०० टन माती. त्याच्या १० टक्के राख १,३५० टन, १० टनाच्या १३५ गाड्या, आपल्याकडच्या कारखान्यांना हे जड नाही. चुना सगळीकडं ३ टक्के घातला असता तर ४०५ टन, पट्ट्या अर्धा टक्का सगळीकडं म्हणजे ६७.५ टन, एक पोतं १०० ग्रॅमचं धरलं तर पावणेसात लाख पोती, कुठून आणणार. आणि बेंटोनाइट ५ टक्के म्हटलं तर ६७५ टन राजस्थान-गुजरातहून.

१५ सेंमीचे सहा थर होतात. फक्त वरच्या थराला चुना नि पट्ट्या दिल्या तर चुना ६७.५ टन आणि पट्ट्या सव्वाअकरा टन, साधारण सव्वा लाखाच्या आतली पोती. हे होण्यासारखं आहे. बाजूच्या उतारांची माती यात धरलेली नाही, तिथं चुना पाहिजेच कारण उतारावर घसरण्याचा धोका.

मिसळायला मोठं मशीन नसेल तर ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर चालेल असं मामांचं म्हणणं, ऊसपट्ट्यात दारोदारी आहे. मला पण पटतं, ढेकळं बारीक करायला तर उत्तमच. पण ठोकायला शीपफूट रोलरच, म्हणजे खुरांसारखे खुंट असलेला, गुळगुळीत रोलर वरवर दाबतो, ढेकळं आत तशीच.

२९ एप्रिल
सरांबरोबर बसून ठरलेलं. खालचे पाच थर माती अधिक १० टक्के राख, ऑप्टिममपेक्षा दोन ते चार टक्के जास्त पाणी, प्रत्येक थर झाला की लगेच वरचा, मधे वाळू द्यायचा नाही आणि पुढचा थर टाकायच्या आधी वरची पाठ खरवडून घ्यायची म्हणजे दोन थरांच्या मधे पाण्याला आडवी वाट राहणार नाही. ओल्या बाजूला या पाच थरांची ताकद कमी पडते ते सरांनी मान्य केलं, पण सपाट तळावर माती चारी बाजूंनी कोंडलेली असते, तिथं ते २०० ऐवजी वरच्या कचऱ्याच्या वजनाला प्रत्यक्ष खचण्याचा हिशोब लावू म्हणाले. तो हिशोब झाल्याशिवाय आम्ही हे मिश्रण पास म्हणणार नाही. सहावा थर राख, ३ टक्के चुना, अर्धा टक्का पट्ट्या, शेवटी गुळगुळीत रोलर म्हणजे पट्ट्यांची टोकं वर डोकावणार नाहीत आणि शीट मातीला चिकटून बसेल, मग २८ दिवस ओली गोणपाटं. उतारांवर राख-चुना.

बाकी राहिलेलं काम पुढच्या बॅचसाठी: खऱ्या लीचेटनं ट्रायॲक्सियल सेलमधे पर्मिअबिलिटी, निदान काही महिने चालू ठेवायची. राखेतून नि मातीतून जड धातू सुटतात का त्याची लीचिंग टेस्ट, ही झाल्याशिवाय कुणी साइटचं नाव काढू नये. चुन्याचा काही भाग लोखंडाच्या भट्टीतल्या स्लॅगनं बदलून बघायचा. कोरडं-ओलं-कोरडं अशी आवर्तनं. माती, राख नि पट्ट्यांच्या पिशव्या लॅबच्या मागच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत, प्रत्येकीवर तारीख नि जागा लिहिलीय, चुना मात्र नवीन घ्या.

१५ टक्क्यांची नि एक टक्का पट्ट्यांची रीडिंग वहीत शेवटच्या पानांवर आहेत, ती पण रिपोर्टमधे जाणार, नापास झाली म्हणून वगळायची नाहीत. सरांना टेस्ट पॅड म्हणजे चाचणीपुरता थर करायचाय, लहानसा, उघड्या जागेवर, जूनचा पाऊस यायच्या आत, आणि परवानगीचा अर्ज आज संध्याकाळी टाइप करून देतोय.